३.२ केल्विनला रोध घसरला, पण तो नक्की कोणाचा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि सोबतचा आलेख मोठा करून पाहिला. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही कोल्हापूरचे, एम.एस्सी. फिजिक्सचे विद्यार्थी. उन्हाळी प्रकल्पासाठी बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेत गेलात. तिथे सेरियम-ऱ्होडियम-इंडियम हा हेवी फर्मिऑन पदार्थ, म्हणजे ज्यात इलेक्ट्रॉन जड झाल्यासारखे वागतात असा (अणूंचं प्रमाण एकास एकास पाच, म्हणून या घराण्याला सगळे '११५' म्हणतात) प्रेशर सेलमध्ये, म्हणजे तेलात बुडवलेला नमुना पिस्टनने दाबायच्या जाड धातूच्या नळीत घालून ०.६ गिगापास्कल दाब दिलात. थंड करताना ३.२ केल्विनजवळ विद्युतरोध एकदम साठ टक्क्यांनी खाली आला, शून्य मात्र झाला नाही. तुमच्या मते ही दाबामुळे आलेली अतिसंवाहकता, म्हणजे सुपरकंडक्टिव्हिटी, रोध पार शून्य होणं. जोडीला एक शंकाही विचारली आहे: चुंबकत्व आणि अतिसंवाहकता यांचं हाडवैर असतं असं शिकलो, मग मुळात चुंबकीय असलेल्या पदार्थात नुसतं दाबून अतिसंवाहकता येते कशी?

रोध घसरला याबद्दल वाद नाही. पण सेलच्या आत एकच वस्तू नसते. नमुना असतो, त्याला चिकटलेलं काहीबाही असतं, तारा असतात, सांधे असतात, दाब मोजायला ठेवलेला शिशाचा नाहीतर कथिलाचा तुकडा असतो. यातल्या कोणाचा रोध घसरला, हा तुमचा खरा प्रश्न आहे.

माझा अंदाज सरळ सांगतो: हे इंडियम आहे.

११५चे स्फटिक वितळलेल्या इंडियममध्येच वाढवतात. सेरियम आणि ऱ्होडियम त्यात विरघळवायचे, भट्टी सावकाश उतरवायची, आणि शेवटी गरम असतानाच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून उरलेलं इंडियम उडवून लावायचं. बरंचसं उडतं, सगळं नाही. स्फटिकाच्या पापुद्र्यांमध्ये, कडांच्या खाचांमध्ये त्याचे पातळ पदर अडकून राहतात, आणि साध्या डोळ्यांना ते स्फटिकाचीच चमक वाटतात. शुद्ध इंडियम ३.४ केल्विनला अतिसंवाहक होतं. दाब वाढवला की त्याचं हे तापमान दर गिगापास्कलला साधारण ०.४ केल्विनने खाली येतं. आता ०.६ गिगापास्कलचा हिशेब करा: ३.४ वजा ०.२४. तुमचे ३.२ बरोबर तिथेच बसतात. शून्य न होणंही यात बसतं. दोन व्होल्टेज तारांच्या मधल्या काही भागात इंडियमचा पदर आहे, तेवढ्या भागापुरती पळवाट मिळाली, बाकीचा नमुना जसाच्या तसा राहिला.

दुसरी बाजूही तपासू. या पदार्थाचं खरं अतिसंवाहक तापमान कुठल्याही दाबाला २.३ केल्विनच्या फारसं वर जात नाही, आणि तेही २ गिगापास्कलच्या पुढे गेल्यावर. ०.६ला तो अजून पक्का अँटिफेरोमॅग्नेटिक असतो, म्हणजे त्याच्यातले अणूंएवढे चुंबक एक वर, एक खाली असे मांडलेले असतात. दाब नसताना ते चुंबकत्व ३.८ केल्विनला सुरू होतं आणि सुरुवातीच्या दाबाला फारसं हलत नाही. तिथे आलेखाचा उतार बदलतो, बारीक कोपरा दिसतो. तुमच्या आलेखात ३.८च्या आसपास तो कोपरा आहे, नीट पाहा. तो नमुन्याचा आवाज. ३.२ची उडी पाहुण्याची.

हसू नका, मी स्वतः यात पडलो आहे. प्रेशर सेलच्या कामात वीसेक वर्षं गेली, त्यातल्या पहिल्याच वर्षी एका सेरियमच्या संयुगात ७ केल्विनजवळ रोध घसरला आणि आम्ही दोघांनी रात्री अडीचला चहा करून प्यायला. सकाळी सरांनी एकच विचारलं, "तारा कशाने जोडल्यात?" सोल्डरने. शिसं-कथिलाचं सोल्डर ७ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतं. पुढे कित्येक महिने त्या चहाचा विषय निघाला की आम्ही मान खाली घालायचो. तेव्हापासून सेलच्या आत सोल्डर नाही. २५ मायक्रॉनची सोन्याची तार आणि चांदीचा इपॉक्सी.

क्रायोस्टॅट, म्हणजे नमुना थंड करायचं यंत्र, अजून थंड असेल तर सगळ्यात स्वस्त चाचणी आधी करा. ५० मिलिटेस्ला चुंबकीय क्षेत्र द्या आणि तोच आलेख पुन्हा घ्या. इंडियमची अतिसंवाहकता शून्य तापमानाला धरली तरी ३० मिलिटेस्लाच्या आत मरते. ५०ला उडी नाहीशी झाली तर निकाल लागला. जड इलेक्ट्रॉनांच्या अतिसंवाहकतेला एवढ्या क्षेत्राने धक्काही लागत नाही, ती मोडायला कित्येक टेस्ला लागतात. इलेक्ट्रॉन जड म्हणजे मंद, मंद म्हणून जोडीचा आकार लहान, आणि जोडी लहान असली की क्षेत्राला ती फोडणं अवघड. एखादा नवा पदार्थ हाती आला की मी तर रोध शून्य झाला का यापेक्षा, क्षेत्र वाढवल्यावर संक्रमणाचं तापमान किती सावकाश उतरतं, हे आधी बघतो. ते फारच सावकाश उतरलं तर जडपणा जोड्यांपर्यंत पोचला आहे असं समजायला जागा असते.

मग प्रवाह दहापट कमी करून पाहा. पातळ पदरातली पळवाट प्रवाहाला फार नाजूक असते. प्रवाह कमी केल्यावर उडी मोठी झाली तर संशय आणखी पक्का. पुढच्या वेळी नमुना भरण्यापूर्वी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात थोडा वेळ बुडवून वरचं इंडियम काढा आणि कडा पॉलिश करा. आत गाडलेलं त्याने निघत नाही, त्याला इलाज एकच: दुसरा स्फटिक निवडणं. एका बॅचमधून दहा स्फटिक काढून, प्रत्येकाचा रोध दाबाशिवाय मोजून, त्यातला एक सेलमध्ये जातो. हे कंटाळवाणं काम कोणी पेपरात लिहीत नाही.

आता तुमची शंका. चुंबकत्व हे शत्रू, मग हे कसं?

सेरियमच्या अणूत ४एफ कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो. ही कक्षा अणूच्या पोटात दडलेली, त्यामुळे तो इलेक्ट्रॉन घर सोडत नाही आणि छोट्या चुंबकासारखा वागतो. बाहेर प्रवाह वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा बाजार भरलेला. या दोघांची जी देवाणघेवाण चालते, तिच्या जोरावर दोन गोष्टी घडतात. एक, हे छोटे चुंबक बाजारातल्या इलेक्ट्रॉनांमार्फत एकमेकांना निरोप पाठवतात आणि थंडीत ओळीने मांडले जातात: एक वर, एक खाली. हेच अँटिफेरोमॅग्नेटिझम. दोन, बाजारातले इलेक्ट्रॉन प्रत्येक छोट्या चुंबकाभोवती गराडा घालून त्याला निष्प्रभ करतात. जपानी भौतिकशास्त्रज्ञ कोंडो यांनी १९६४ साली ज्या परिणामाचं गणित मांडलं, त्याच्याच पोटातली ही गोष्ट. गराडा पूर्ण पडला की ४एफ इलेक्ट्रॉनही बाजारात सामील होतो, पण लंगडत. म्हणून इलेक्ट्रॉनांचं परिणामी वस्तुमान शेकडो पटींनी वाढल्यासारखं दिसतं. हा जडपणा विशिष्ट उष्म्यात, म्हणजे पदार्थ तापवायला लागणाऱ्या उष्णतेत मोजता येतो: तांब्यात इलेक्ट्रॉनांच्या विशिष्ट उष्म्याचा गुणांक ०.७ मिलिज्यूल प्रति मोल प्रति केल्विन वर्ग, आणि सेरियम-ॲल्युमिनियम एकास तीन या संयुगात १९७५ साली मोजला तो १६२०. हेवी फर्मिऑन हे नाव यावरून.

कोल्हापुरात राहून इथे कुस्तीचा दाखला द्यायचा मोह होतो. एकीकडे चुंबकत्वाचा मल्ल, दुसरीकडे कोंडोचा, आणि दाब हा पंच. मी पूर्वी असंच शिकवायचो. आता टाळतो, कारण मल्ल दोन नाहीतच. दोन्ही डाव एकाच ताकदीतून येतात, त्या देवाणघेवाणीच्या जोरातून. फरक एवढाच, की जोर वाढला तर पहिला परिणाम त्याच्या वर्गाने वाढतो आणि दुसरा घातांकी चालीने. त्यामुळे जोर कमी असताना चुंबकत्व पुढे, जोर एका मर्यादेपलीकडे गेला की कोंडो त्याला ओलांडून जातो. भौतिकशास्त्रज्ञ डोनियाक यांनी १९७७ साली हा आलेख मांडला आणि या क्षेत्रातले सगळे आजही तोच फळ्यावर काढतात. दाबाचं काम हा जोर वाढवण्याचं. २ गिगापास्कलला स्फटिकाचं आकारमान जेमतेम दोन-तीन टक्क्यांनी कमी होतं, पण घातांकी चालीला तेवढं पुरतं. आणि मुळात ज्या ऊर्जांचं हे भांडण आहे त्या काही केल्विनच्या, म्हणजे मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या अंशाच्या. लोखंडाचं चुंबकत्व मोडायला असा दाब काहीच नाही. इथे मात्र तो चिकार होतो.

आमच्या आजोळी गुऱ्हाळ होतं. काहिलीतला रस आटत असताना गुळव्या मधूनच थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघायचा. जरा आधी उतरवलं तर गूळ धरत नाही, काकवीच राहते. जरा उशीर झाला की करपतो. मधली वेळ चिमूटभर. जड इलेक्ट्रॉनांची अतिसंवाहकता बहुतेक वेळा अशाच चिमूटभर जागेत सापडते: चुंबकत्व दाबाने उतरत उतरत शून्य केल्विनला टेकतं, नेमकं त्याच्या आसपास. सेरियम-पॅलेडियम-सिलिकॉन (एकास दोनास दोन) दाब नसताना १० केल्विनला चुंबकीय होतं. २.८ गिगापास्कलजवळ ते चुंबकत्व संपतं आणि तिथेच ०.४ केल्विनची अतिसंवाहकता दिसते, पुढे-मागे नाही. सेरियम-इंडियम एकास तीनचंही तसंच, २.५ गिगापास्कलच्या आसपास ०.२ केल्विन. हे दोन्ही केंब्रिजच्या गटाने १९९८ साली छापलं.

आणि आता तुमच्या नमुन्याकडे पुन्हा पाहा. तुमचा ११५ म्हणजे याच सेरियम-इंडियमचे थर, मधे ऱ्होडियम-इंडियमचे थर घालून एकमेकांपासून दूर केलेले. २००० साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या मंडळींनी त्याला दाबलं तेव्हा १.६ गिगापास्कलच्या पुढे २ केल्विनच्या वरची अतिसंवाहकता मिळाली. नुसतं थरांत मांडल्याने तापमान दहापट. मला या सगळ्या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, आणि ती तुमच्या हातातल्या तांदळाएवढ्या तुकड्यात आहे.

पण जोड्या जुळतात कशाने? साध्या धातूत स्फटिकाच्या जाळीची थरथर दोन इलेक्ट्रॉनांना जोडते. दाबलं की जाळी ताठ होते आणि ती जोडणी ढिली पडते, म्हणून शिसं, कथील, इंडियम या सगळ्यांचं अतिसंवाहक तापमान दाबाने उतरतं. इथे मात्र चुंबकत्व मरणाच्या टेकाला आलं की त्याच्या लहरी मोठ्या आणि रेंगाळणाऱ्या होतात. ओळ मोडलेली असते, पण ओळ धरण्याची सवय सुटलेली नसते. एक इलेक्ट्रॉन जाताना शेजारच्या चुंबकांना कलवतो, दुसऱ्याला ते कळतं. एकमेकांना ढकलणारे इलेक्ट्रॉन एकाच जागी न येता, अंतर राखून, जोडी करतात. म्हणजे पुस्तकातलं वैर खोटं नाही, ते सुट्या चुंबकीय अशुद्धीबद्दल आहे. साध्या अतिसंवाहकात टक्काभर चुंबकीय अणू मिसळले तरी खेळ संपतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ स्टेग्लिख यांनी १९७९ साली सेरियम-तांबं-सिलिकॉनमध्ये ०.६ केल्विनजवळ अतिसंवाहकता दाखवली तेव्हा लोकांचा विश्वास बसेना तो यामुळेच. तिथे तर प्रत्येक घरात एक चुंबक होता! आणि त्या चुंबकाच्या जागी बिनचुंबकी लॅन्थॅनम घातलं तर अतिसंवाहकता जाते. विशिष्ट उष्म्याची उडीही इतकी मोठी होती की जड इलेक्ट्रॉनच जोड्या करत आहेत हे मान्य करावं लागलं.

अंतर राखून केलेल्या या जोडीला साधी, बिनचुंबकी अशुद्धीही खपत नाही. म्हणून नमुन्याची शुद्धता हा इथे जिवाचा प्रश्न. योग्य दाबाला पोचूनही काही दिसलं नाही, तर दाबाला दोष देण्याआधी नमुन्याचा शेष रोध, म्हणजे अगदी थंडीतही अशुद्धीमुळे उरणारा रोध बघा.

इथवरचं एका दमात: दाब देवाणघेवाणीचा जोर वाढवतो, जोर वाढला की चुंबकत्व उतरतं, ते संपतं तिथे त्याच्या लहरी जोड्या जुळवतात, आणि ही जागा तुमच्या पदार्थात २ गिगापास्कलच्या अलीकडे-पलीकडे आहे, ०.६ला नाही.

हे चित्र सगळीकडे बसतं असं मात्र समजू नका. त्याच सेरियम-तांबं-सिलिकॉनला आणखी दाबलं तर ४ गिगापास्कलच्या सुमारास, चुंबकत्वापासून लांब, अतिसंवाहकता आणखी वर चढते, २ केल्विनच्या आसपास. तिथे सेरियमच्या संयुजेचं (४एफ इलेक्ट्रॉन अणूत राहतो की बाहेर पडतो, याचं) डळमळणं कारणीभूत असावं असा एक मजबूत पक्ष आहे. युरेनियम-जर्मेनियममध्ये तर अतिसंवाहकता फेरोमॅग्नेटिझमच्या, म्हणजे सगळे चुंबक एकाच दिशेला असलेल्या अवस्थेच्या पोटात राहते, १ ते १.६ गिगापास्कलच्या दरम्यान, हेही २०००चंच. इटर्बियमच्या संयुगांत गंगा उलटी वाहते, दाबाने चुंबकत्व वाढतं, कारण तिथे एफ कक्षेत एक इलेक्ट्रॉन नसून एक जागा रिकामी असते. म्हणून "दाब दिला की काय होईल?" असं कोणी विचारलं की मी आधी मूलद्रव्य विचारतो.

तुमच्या दाबाच्या आकड्याबद्दलही बोलायला हवं. ०.६ हा आकडा प्रेसच्या गेजवरून काढलाय असं तुम्ही लिहिलंय. तो धरू नका. ६ मिलिमीटर बोअरच्या सेलचं क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटर, म्हणजे १ गिगापास्कलला २८ किलोन्यूटन, जवळजवळ तीन टन. ऊस भरलेली बैलगाडी करंगळीएवढ्या दांड्यावर उभी केल्यासारखं. त्यातला काही भार घर्षणात जातो. नट आवळून प्रेस सोडली की दाब थोडा सुटतो, आणि थंड होताना आतलं तेल आकसून आणखी दोन-तीन दशांश गिगापास्कल जातात. कमी तापमानाचा खरा दाब कळण्यासाठी आत शिशाचा बारीक तुकडा ठेवा. त्याचं ७.२ केल्विनचं संक्रमण दर गिगापास्कलला सुमारे ०.३६ केल्विन उतरतं. इंडियमचा माझा संशय खरा ठरला तर गंमत अशी, की तीच उडी तुमचा फुकटचा दाबमापक ठरेल. कथील मात्र या कामी घेऊ नका. त्याचं संक्रमण ३.७ला, इंडियमच्या आणि तुमच्या चुंबकत्वाच्या अगदी मधे येतं, आणि मग कोण कुठला ते ओळखू येत नाही.

सेल कसला आहे ते लिहिलं नाहीत. नुसता बेरिलियम-कॉपरचा एकेरी असेल तर २ गिगापास्कलचा हट्ट धरू नका. आत निकेल-क्रोम-ॲल्युमिनियमची नळी बसवलेला दुहेरी असेल तर साधारण ३पर्यंत जाता येतं. डाफ्नी ७३७३ तेल वापरत असाल तर ते खोलीच्या तापमानाला २.२ गिगापास्कलजवळ गोठतं, तिथे शेवटचा दाब फार सावकाश चढवा. आणि प्रेसवर सेल असताना त्याच्या अक्षाच्या रेषेत तोंड नेऊ नका. पिस्टन निसटला तर गोळीसारखा सुटतो.

पुढच्या वर्षी स्वतःचा सेल करायचा विचार असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात, तिथल्या कारखान्यांत, पितळेचा डमी करून घ्या. मी तसाच केला होता. मिस्त्रींनी ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ह्या भोकाला शंभरावा भाग कशाला पाहिजे, पंपाला बसवायचंय काय?" मग टेफ्लॉनची टोपी पिस्टनमागून कशी फुगते आणि फट राहिली तर तेल कुठून पळतं ते दाखवलं, तेव्हा त्यांनी स्वतःहून बोअर होन करून, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करून दिलं. पितळेच्या डमीवर तारा ओवणं, काळा स्टायकास्ट (तारांची वाट बंद करणारा इपॉक्सी) भरणं, टोपी बसवणं आणि नट फिरवणं याचा वीस वेळा सराव करा. तारा तुटतात त्या दाबाने कमी, नट फिरवताना पीळ बसून जास्त. खरा बेरिलियम-कॉपर मात्र कुठल्याही लेथवर नेऊ नका. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे, आणि मिस्त्रींना ते सांगायची जबाबदारी आपली असते.

तर आता क्रम असा ठेवा. आज शून्य आणि ५० मिलिटेस्लाचे दोन आलेख. उडी गेली तर तिच्यावरून दाब मोजून घ्या आणि पेपराचा विषय बाजूला ठेवा. सेल झेपत असेल तर टप्प्याटप्प्याने २ गिगापास्कलच्या पुढे चला. तुमचा क्रायोस्टॅट १.८ केल्विनपर्यंत जातो, म्हणजे २.२ केल्विनचं खरं संक्रमण तुमच्या आवाक्यात आहे. तिथे रोध शून्य झाला तरी थांबू नका. एक टक्का नमुना अतिसंवाहक असला तरी त्यातून वाट जुळून रोध शून्य दिसू शकतो. नमुन्याभोवती बारीक कॉइल गुंडाळून एसी ससेप्टिबिलिटी (नमुना चुंबकीय क्षेत्राला कसा प्रतिसाद देतो ते) घ्या, जमलं तर एसी कॅलरीमेट्रीही (विशिष्ट उष्म्याचं मोजमाप). आणि ५० मिलिटेस्लालाही ३.२ची उडी जागची हलली नाही, तर मी चुकलो. तसं झालं तर आलेख इथेच टाका, आणि सोबत तारा कशाने जोडल्या तेही लिहा.